सगळ्या घराला एकच उबदार ऑफ-व्हाइट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पांढरा हवा, पण दवाखान्यासारखा नको. क्रीम नको, तो जुनाट वाटतो. पिवळट तर नकोच नको. या सगळ्या ‘नको’मधून जो रंग उरतो तो उबदार ऑफ-व्हाइट. दिसायला सर्वांत सोपा आणि निवडायला सर्वांत अवघड. भडक निळा थोडा इकडेतिकडे झाला तरी तो निळाच राहतो. ऑफ-व्हाइट जरा सरकला की गुलाबी, हिरवट नाहीतर मळकट दिसायला लागतो.

उबदार ऑफ-व्हाइट बनतो कसा?

पांढऱ्या रंगाचा पाया म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड ही पांढरी भुकटी. भिंत झाकण्याची ताकद मुख्यतः तिच्यातूनच येते. टिंटिंग मशीन या पांढऱ्या बेसमध्ये अगदी थोडे रंगद्रव्य सोडते: पिवळा ऑक्साइड, कधी लाल ऑक्साइड, आणि काळा किंवा मातकट तपकिरी. नुसता पिवळा टाकला की क्रीम होतो. त्याच्या जोडीला चिमूटभर काळा गेला की पिवळ्याचा तोरा उतरतो आणि भिंत पिवळी न दिसता नुसती उबदार वाटते. म्हणजे या रंगातला मऊपणा खरं तर काळ्यामुळे येतो. पेंटरने ‘साध्या पांढऱ्यात थोडा पिवळा मारून देतो’ असं सुचवलं, तर नम्रपणे नको म्हणा. त्यातून क्रीमच तयार होईल, आणि पुढच्या वर्षी तीच शेड परत मिळणार नाही.

शेड कार्डवर सगळे पांढरे सारखेच दिसतात. फरक ओळखायचा कसा?

एकटा नमुना बघून कळत नाही. चार-पाच ऑफ-व्हाइट शेजारी-शेजारी ठेवले की लगेच एक गुलाबी वाटतो, एक हिरवट, एक राखाडी, एक पिवळा. हीच त्यांच्या पोटातली छटा. कार्डावर फिक्यापासून गडदपर्यंत एकच पट्टी असेल, तर तिचा सर्वांत गडद चौकोन बघा. अनेकदा फिक्या शेडमध्ये जे लपलेलं असतं ते तिथे उघड होतं.

नमुना कोऱ्या छपाईच्या कागदावर धरून बघायची युक्तीही बरेच जण सांगतात. छटा ओळखायला ती चालते, निवड करायला नाही. त्या कागदात चमक आणणारी रसायनं असतात, त्यामुळे तो किंचित निळसर पांढरा दिसतो, आणि त्याच्यापुढे कुठलाही उबदार पांढरा पिवळाधमक वाटतो. कागदाला घाबरून चांगली शेड नाकारणारे कमी नाहीत.

चार छटांपैकी कोणती घ्यावी?

सगळ्या घराला एकच द्यायची असेल, तर ज्या शेडमध्ये पिवळा आहे पण तो राखाडीने दाबलेला आहे, ती सर्वांत कमी त्रास देते. गुलाबी छटा रात्रीच्या दिव्यात छान दिसते. मात्र लालसर लाकूड किंवा विटकरी फरशी असेल तर ती भिंतीतला गुलाबी वर काढते आणि खोली लाजल्यासारखी दिसते. हिरवट छटा सर्वांत फसवी. कार्डावर ती शांत, प्रौढ वाटते. खिडकीबाहेर झाडं असली की पानांवरून परतून आलेला हिरवा उजेड तिच्यात मिसळतो, आणि भिंत आजारी दिसते.

एलआरव्ही हा आकडा काय असतो?

रंग किती प्रकाश परत फेकतो याचं माप. ० म्हणजे सगळा प्रकाश गिळणारा काळा, १०० म्हणजे सगळा परत देणारा पांढरा. या कामासाठी साधारण ७५ ते ८५ ही पट्टी धरा. ८५च्या वर गेलात की तो स्वच्छ पांढऱ्याकडे झुकतो, आणि ७०च्या खाली आलात की लोक त्याला पांढरा म्हणत नाहीत, फिका बदामी म्हणतात. शेरविन-विल्यम्स या अमेरिकी कंपनीने २०१६ साली ‘वर्षाचा रंग’ म्हणून निवडलेला ॲलाबास्टर हा ऑफ-व्हाइट ८२चा आहे. गंमत म्हणजे त्याच वर्षी बेंजामिन मूरनेही पांढराच निवडला होता, सिम्पली व्हाइट.

हा आकडा फक्त उजळपणा सांगतो, छटा सांगत नाही. ८२ची एक शेड गुलाबी असू शकते आणि ८२चीच दुसरी हिरवट.

सगळ्या घराला एकच रंग म्हणजे कंटाळवाणं नाही का होणार?

डबा एकच असला तरी भिंती एकसारख्या दिसत नाहीत. सकाळच्या उन्हातल्या खोलीत तो लोण्यासारखा, बोळात करडा, आणि दिव्याखाली मधाळ दिसेल. वेगवेगळ्या खोल्यांना वेगवेगळे पांढरे देणं मात्र मी टाळायला सांगेन. एका दारातून दुसरी खोली दिसते, आणि दोन जवळजवळ सारखे पांढरे एकत्र नजरेत आले की त्यांतला एक नेहमी मळका वाटतो. फरक करायचाच असेल तर ठसठशीत करा. निम्मा-अर्धा फरक चुकल्यासारखा दिसतो.

कंटाळा येतो तो रंगामुळे कमी आणि पोतामुळे जास्त. भिंत, पडदा, सोफा, गालिचा सगळंच गुळगुळीत आणि फिकं असेल तर डोळ्याला थांबायला जागाच राहत नाही. जाडेभरडे विणकाम, लाकडाच्या रेषा, पितळ, कुठेतरी एक काळी कड एवढ्याने काम होतं.

दुसऱ्यांच्या घरी मस्त दिसलेला रंग आमच्याकडे पिवळा दिसतो. असं का?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच. बहुतेक वेळा रंग बरोबर असतो, शेजारी चुकीचे असतात.

डोळा कुठलाही रंग एकटा बघत नाही. शेजारच्या रंगाच्या तुलनेत बघतो. मिशेल युजीन शेव्ह्रल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलां या भिंतीवर टांगायचे चित्रपट विणणाऱ्या कारखान्यात रंगाईचं काम बघत असे. तिथे काही रंग फिके पडतात, काळा नीट उठत नाही अशा तक्रारी येत. त्याने शोध घेतला तेव्हा दोष रंगात नव्हता, शेजारी विणलेल्या धाग्यांच्या रंगात होता. शेजारचे रंग एकमेकांचं रूप बदलतात हा नियम त्याने १८३९ साली सविस्तर मांडला. तुमच्या भिंतीवरही तेच चाललेलं असतं.

म्हणून आधी भिंत सोडून इतर पांढऱ्या गोष्टी शोधा. प्लास्टिकच्या खिडक्यांची चौकट, स्विचबोर्ड, टाइल्स, वॉर्डरोबचं लॅमिनेट, पंखा. या बहुतेक वस्तू थंड, निळसर पांढऱ्या असतात आणि त्या बदलणार नसतात. त्यांच्याशेजारी दाट पिवळी छटा आली की भिंत जुनी दिसते. अशा घरात जेमतेम उबदार, म्हणजे राखाडीकडे झुकणारा ऑफ-व्हाइटच घ्यावा. उलट लाकडी खिडक्या, बदामी फरशी, तांबूस दगड असेल तर जरा दाट छटाही सहज पचते.

त्यानंतर जमीन बघा. उन्हाचा मोठा वाटा आधी फरशीवर पडतो आणि तिथून उसळून भिंतीवर येतो, त्यामुळे भिंतीचा खालचा भाग फरशीचा रंग घेतो. नारिंगी झाक असलेलं लाकूड असेल तर पिवळी शेड आणखी पिवळी होणार.

आणि जुना रंग. कोपऱ्यात जुन्या निळ्या भिंतीवर नमुन्याचा चौकोन मारलात तर तो जास्तच पिवळा-नारिंगी दिसेल. सगळी खोली रंगवून झाल्यावर निळा जातो आणि त्याबरोबर तो पिवळेपणाही ओसरतो.

खिडकीच्या दिशेने किती फरक पडतो?

बराच. उत्तर गोलार्धात उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन फारसं येत नाही, आकाशाचा निळसर उजेड येतो. त्यात राखाडी छटा थिजल्यासारखी दिसते, म्हणून तिथे थोडी जास्त ऊब चालते. दक्षिणेची खोली उलट. तिथे दाट क्रीम दुपारी अंगावर येतो. पूर्वेला सकाळी सोनेरी आणि दुपारनंतर करडा, पश्चिमेला याच्या उलट, आणि संध्याकाळी तर जवळजवळ केशरी. दक्षिण गोलार्धात उत्तर-दक्षिण अदलाबदल करून वाचा.

एकच शेड सगळीकडे लावायची, तर ती सर्वांत वाईट उजेडाच्या खोलीत बघून ठरवा. तिथे तरली की उरलेल्या घराची काळजी नको.

दिवे कोणते लावावेत?

रंगाच्या निम्म्या तक्रारी बल्ब बदलून मिटतात, आणि ते रंगापेक्षा पुष्कळ सोपं आहे. बल्बच्या खोक्यावर केल्विनमध्ये आकडा असतो. २७०० म्हणजे पिवळसर, ४००० म्हणजे तटस्थ, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. २७००च्या दिव्यात उबदार ऑफ-व्हाइट रात्री चक्क क्रीम दिसतो. ६५००च्या दिव्यात त्याच भिंतीतली ऊब मरते आणि करडेपणा वर येतो, म्हणजे ज्यासाठी हा रंग निवडला तेच जातं. बसायच्या आणि झोपायच्या खोल्यांत ३०००, कामाच्या जागी ३५०० ते ४००० ही माझी पसंती.

दुसरा आकडा सीआरआय. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते तो सांगतो, आणि तो ९० किंवा त्याहून जास्त असावा. कमी सीआरआयच्या स्वस्त एलईडीखाली फिके रंग निर्जीव, कधी हिरवट दिसतात.

शेजारच्या दोन खोल्यांत एकीकडे पिवळा आणि दुसरीकडे निळसर दिवा असेल, तर पाहुणा विचारणारच: इथे वेगळा रंग दिलाय का?

नमुना कसा लावून बघावा?

थेट भिंतीवर नको. जाड पुठ्ठा किंवा पातळ बोर्ड घ्या, हात-दीड हात रुंदीचा तरी हवा. त्यावर प्रायमर, मग रंगाचे दोन हात. एका हातात खालचा रंग डोकावतो आणि निर्णय चुकतो. पूर्ण वाळू द्या. पाण्यावर आधारित रंग ओले असताना दुधाळ, फिके दिसतात आणि वाळल्यावर किंचित गडद होतात.

मग तो बोर्ड घरभर फिरवा. खिडकीसमोरच्या भिंतीवर टेकवून बघा, खिडकीच्याच भिंतीवर बघा, कोपऱ्यात बघा. कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींवर उजेड टाकतात, त्यामुळे छटा दाट होते. दाराच्या चौकटीला, टाइल्सना, सोफ्याला चिकटवून धरा. सकाळी, दुपारी, दिवे लावल्यावर, आणि ढगाळ दिवशीही. बोर्ड उभाच ठेवायचा. टेबलावर आडवा ठेवलेला नमुना वरून उजेड घेतो आणि खोटा उजळ दिसतो.

एका वेळी दोन, फार तर तीन शेड. भिंतीवर नऊ चौकोन मारलेल्या घरात निर्णय लवकर झाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

फोटो बघून शेड ठरवली तर?

नको. मोबाइलचा कॅमेरा पांढरा रंग स्वतःच ‘दुरुस्त’ करतो, आणि फोटो टाकणारा त्यावर आणखी उजळपणा वाढवतो.

अंधाऱ्या खोलीत ऑफ-व्हाइट दिला की उजेड वाढतो ना?

आलेला उजेड तो नीट पसरवतो. नसलेला आणत नाही. ज्या बोळात किंवा खोलीत दिवसाही दिवा लागतो तिथे पांढरा राखाडी, थोडासा मरगळलेला दिसतो, आणि कोपऱ्यातल्या सावल्या उलट उठून दिसतात. तिथे आधी दिव्यांची सोय करा, एकाच मधल्या दिव्याऐवजी भिंतीवर प्रकाश टाकणारे दोन-तीन लावा. ते शक्य नसेल तर मी त्या एका जागी नियम मोडून खुशाल मध्यम गडद रंग देईन. अंधाराशी पांढऱ्याने भांडण्यात अर्थ नाही.

सिलिंगला काय द्यायचं?

घराची उंची कमी असेल तर भिंतीचाच रंग, मॅट म्हणजे बिनचकाकीच्या फिनिशमध्ये. भिंत आणि सिलिंग यांच्यामधली रेघ पुसली जाते आणि खोली उंच वाटते. उंची भरपूर असेल तर त्याच शेडची निम्म्या ताकदीची आवृत्ती मशीनवर बनवून घेता येते. निळसर झाक असलेला तयार सिलिंग व्हाइट मात्र टाळा. त्याच्याखाली भिंती हमखास पिवळ्या दिसतात.

दारं, चौकटी आणि स्कर्टिंग?

दोन मार्ग स्वच्छ आहेत. एक, सगळं त्याच शेडमध्ये, फक्त चकाकी वाढवून. दुसरा, नैसर्गिक लाकूड किंवा सरळ गडद रंग. तिसरा मार्ग, म्हणजे भिंत ऑफ-व्हाइट आणि चौकट शुभ्र, तोही करता येतो, पण शुभ्र रंगही उबदार घराण्यातला हवा आणि दोघांच्या एलआरव्हीत पाच-सहाचा तरी फरक हवा.

मॅट, सॅटिन की ग्लॉस?

शेड एक ठेवा, फिनिश बदला. मॅट प्रकाश सगळीकडे विखुरतो, त्यामुळे पुट्टीतले उंचवटे लपतात आणि रंग सर्वांत मऊ दिसतो. डाग मात्र पुसताना घासल्याची चमक राहते. सॅटिन किंवा एगशेल, म्हणजे मंद चकाकीचं फिनिश, रोजच्या वावराच्या भिंतींना बरं. सेमी-ग्लॉस दारं आणि चौकटींना. एकच शेड ग्लॉसमध्ये जरा दाट दिसते, मॅटमध्ये फिकी, तेव्हा नमुना ज्या फिनिशमध्ये लावणार त्याच फिनिशमध्ये बघा.

लांबलचक भिंतीला बाजूने ऊन येत असेल तर चकाकी नकोच. तिरप्या उजेडात पॉलिश पेपरचा प्रत्येक ओरखडा दिसतो.

दारांना ऑइल पेंट चालेल का?

गडद रंगाला चालेल, पांढऱ्याला विचार करून. ऑइल पेंट काळाच्या ओघात पिवळा पडतो, आणि उजेड नसलेल्या जागी जास्त पडतो: कपाटाच्या आत, दाराच्या मागे, फ्रेमखाली. अमोनिया असलेले क्लीनर हा वेग वाढवतात. भिंतीला इमल्शन (पाण्यावर आधारित रंग) आणि दाराला ऑइल पेंट, दोन्ही एकाच शेडचे, असं केलंत तर काही वर्षांनी ती शेड एक राहत नाही. आता पाण्यावर आधारित एनॅमल मिळतात. ते तसे पिवळे पडत नाहीत आणि वासही कमी येतो.

स्वयंपाकघर, बाथरूम आणि मुलांची खोली यांचं काय?

तोच रंग, धुता येईल अशा दर्जाचा. बाथरूमसाठी बुरशीरोधक इमल्शन घ्या आणि हवा खेळती ठेवा. शेगडीजवळची भिंत टाइल किंवा काचेने झाका, कारण वाफेबरोबर उडणारं तेल कुठल्याही पांढऱ्याला पिवळं करतं. मुलांच्या खोलीत सॅटिन. नवा रंग हाताला लवकर कोरडा लागतो, पण पूर्ण पक्का व्हायला तीन-चार आठवडे जातात. तोवर ओल्या फडक्याने घासू नका.

भिंतीला ओल आहे. वरून रंग दिला तर झाकेल का?

नाही. आधी पाणी कुठून येतं ते शोधा. फिक्या भिंतीवर ओलीचा पिवळा-तपकिरी डाग सर्वांत आधी दिसतो, आणि पोपडे धरलेल्या जागी कुठलाही रंग टिकत नाही.

जुना रंग गडद आहे. किती हात लागतील?

पांढरा प्रायमर आणि वर दोन हात. प्रायमर वाचवला की दोनाचे चार होतात. नीट पुट्टी केलेल्या भिंतीवर १ लिटर रंगात एका हाताला साधारण १० ते १२ चौरस मीटर क्षेत्र होतं, खडबडीत भिंतीवर कमी. खूप जुन्या घरात रंगाचे थर कोरडे घासण्याआधी त्यात शिसं आहे का ते तपासून घ्या. ती धूळ लहान मुलांसाठी फार घातक असते.

पहिला हात झाला आणि रंग भलताच दिसतोय. थांबवू का काम?

आधी जमिनीकडे बघा. पेंटरने निळं किंवा नारिंगी प्लास्टिक अंथरलं असेल तर त्याचाच रंग भिंतीवर चढलेला असतो. शिवाय पडदे काढलेले, सामान हलवलेलं, लोंबता उघडा बल्ब. दुसरा हात वाळू द्या, प्लास्टिक गुंडाळा, नेहमीचे दिवे लावा, मग ठरवा.

एका कंपनीची शेड दुसरीकडे जुळवून मिळेल?

मशीन जवळपासची देईल. पण बेस वेगळा, रंगद्रव्यं वेगळी, त्यामुळे दुकानातल्या दिव्यात तंतोतंत जुळलेले दोन नमुने घरच्या उन्हात वेगळे दिसू शकतात. पूर्ण घर एकाच कंपनीच्या रंगात करणार असाल तर बिघडत नाही. अर्धं घर जुन्या डब्यांतून आणि अर्धं जुळवलेल्या रंगातून, असं मात्र करू नका.

डबे एकदम घ्यावेत का?

हो. दोन बॅचेसमध्ये किंचित फरक येतो आणि तो फिक्या रंगात दिसतो. निदान एका खोलीचे सगळे डबे मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घ्यायला सांगा. तेही जमत नसेल तर डबा भिंतीच्या मधोमध संपू देऊ नका, कोपऱ्यात संपवा.

नंतर डाग पडला तर तेवढंच रंगवता येईल?

मॅटमध्ये, त्याच डब्यातून, रंग काही महिन्यांचाच जुना असेल तर येतं. लहान रोलरने, कमी रंग घेऊन, कडा विरत न्यायच्या. सॅटिन किंवा त्याहून चकचकीत फिनिशवर ठिगळ दिसतंच. तिथे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत एक हात मारून घ्यावी. त्यासाठी उरलेला रंग अर्ध्या रिकाम्या मोठ्या डब्यात न ठेवता लहान बरणीत गच्च बंद करून ठेवा, आणि बरणीवर शेडचा कोड, बेस, फिनिश, बॅच क्रमांक आणि खोलीचं नाव लिहा. मशीनने छापलेली फॉर्म्युल्याची चिठ्ठीही तिथेच चिकटवा. डब्याच्या झाकणावरची रंगाने बुजून जाते.